गाडीचा स्प्रे पेंट: दोष कोणत्या टप्प्यावर शिरतो आणि तिथेच कसा अडवायचा

क्लिअर (रंगावरचा पारदर्शक, चमकदार थर) मारून झाला आणि पॅनेलवर (दार, बॉनेट असा गाडीचा एक भाग) बारीक खड्डे दिसले, की पहिला संशय स्प्रे गनवर जातो आणि दुसरा रंगाच्या डब्यावर. मग नोझल बदललं जातं, थिनर (रंग पातळ करायचं द्रव्य) बदलला जातो, आणि पुढच्या पॅनेलवर तेच खड्डे पुन्हा हजर. ते गनमधून आलेलेच नसतात; बऱ्याचदा पुसायच्या फडक्यातून आलेले असतात.

दोष कसा दिसतो हे सगळे बघतात, कधी दिसला हे फारसं कोणी बघत नाही. खरं तर वेळेवरूनच मूळ लवकर सापडतं.

- मारता मारता, रंग ओला असतानाच दिसला: फिश आय (वंगणावरून रंग मागे सरकून पडलेले गोल खड्डे), ओघळ, धूळ. पृष्ठभाग, हवा किंवा हात तपासा.
- काही मिनिटांत ते तासाभरात दिसला: सुरकुत्या, पांढुरकेपणा, पिनहोल (सुईच्या टोकाएवढी भोकं). थिनर, दोन कोटमधला (थरांमधला) वेळ आणि तापमान तपासा.
- दुसऱ्या दिवशी किंवा काही आठवड्यांनी दिसला: चमक बसणं (मंद होणं), घासायच्या पेपरचे (सँडपेपरचे) ओरखडे उमटणं, पुट्टीची (खोलगे भरायच्या लेपाची) कड दिसणं, फोड, पापुद्रे सुटणं. खालचे थर तपासा.

पुढचे टप्पे कामाच्या क्रमाने दिले आहेत. यातला क्रम बदलला की दोष आलाच म्हणून समजा, विशेषतः पहिल्या दोन टप्प्यांत.

## टप्पा १: जुना रंग कोणत्या जातीचा आहे ते ठरवा

दिसणार नाही अशा जागी थिनरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग घासा. रंग कापसाला लागला, मऊ पडला किंवा आक्रसला, तर खाली हार्डनर (रंग कडक करणारं द्रव्य) नसलेला रंग आहे: सिंथेटिक इनॅमल, लॅकर किंवा स्प्रे कॅनने केलेला टचअप. कंपनीत भट्टीतून निघालेला रंग असा सुटत नाही.

ही चाचणी टाळली की सुरकुत्या येतात. नव्या कोटमधलं द्रावक (थिनरसारखं उडून जाणारं द्रव्य) जुन्या थरात झिरपतं, तो फुगतो, आणि वरचा अर्धवट सुकलेला थर त्याच्याबरोबर उचलला जातो. बहुतेक वेळा हे अख्ख्या पॅनेलवर होत नाही. घासून जिथे जुन्या थराची कड उघडी पडली आहे, तिथे गोल रेघ उठते. द्रावकाला आत शिरायला तिथे बाजूने वाट मिळते.

असा मऊ रंग सापडला तर तो काढून टाका. थोडाच असेल तर टू-के (हार्डनर मिसळून वापरायच्या) इपॉक्सी प्रायमरने (रंगाखालच्या थराने) सील करून पूर्ण वाळू द्या. मात्र सीलर हा जुगार आहे. वेळ असेल तर काढणंच बरं.

तपासा: जाडी मोजायचं यंत्र हाताशी असेल तर फिरवून घ्या. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. आकडा ३०० च्या पुढे गेला तर खाली आधीची दुरुस्ती आहे, आणि त्यावर आणखी थर चढवणं म्हणजे पुढे तडे जाण्याची सोय करून ठेवणं.

## टप्पा २: पेपर लावण्याआधी धुवा आणि पुसा

सगळ्यात जास्त चुकणारा टप्पा हाच. बहुतेक जण आधी घासतात आणि मग पुसतात. पण गाडीवर पॉलिश, वॅक्स, टायर चमकवायचं द्रव्य, रस्त्यावरचं तेल यांचा थर असतोच. त्यावर पेपर चालवला की ते सिलिकॉन आणि वंगण ओरखड्यांत दाबलं जातं. मग कितीही पुसलं तरी वरचं निघतं, चरांतलं राहतं.

बरोबर क्रम असा:

1. साबणाच्या पाण्याने धुवा. दाराच्या कडा, हँडलच्या खालची खोबण, रबराच्या पट्ट्यांची किनार सोडू नका. स्वच्छ पाण्याने खळबळून पूर्ण वाळू द्या.
2. वॅक्स आणि ग्रीस काढणाऱ्या द्रव्याने पुसा. साधा थिनर यासाठी नको. तो भराभर उडतो आणि वंगण जागच्या जागी पसरवून ठेवतो.
3. दोन फडकी वापरा. एकाने ओलं करायचं, आणि ते ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. हातभर जागा झाली की पुढे.
4. फडकं घडी बदलत वापरा आणि मळलं की फेका.

तिसऱ्या पायरीतला "ओलं असतानाच" हा भाग लोक गाळतात. द्रव्य वाळू दिलं तर त्यात विरघळलेलं वंगण पुन्हा तिथेच बसतं. फडकं फिरवल्याचं समाधान मिळतं, पॅनेल मात्र होतं तसंच असतं.

सावधान: धुऊन पुन्हा वापरलेली फडकी घेऊ नका. कपडे मऊ करणाऱ्या द्रव्याचा अंश त्यांत राहतो. हातांना लावलेलं क्रीम, डॅशबोर्डवर मारायचा चमकवणारा स्प्रे, कुलपात मारायचं तेल ही सगळी फिश आयची बीजं आहेत. शेजारच्या खोलीत कोणी सिलिकॉनचा स्प्रे मारला तरी तो हवेतून तुमच्या पॅनेलवर पोचतो.

तपासा: स्वच्छ पाणी शिंपडा. ते सलग पसरलं तर ठीक. थेंब थेंब होऊन मागे सरकलं तर अजून वंगण आहे. ओला रंगही तिथे अगदी असाच मागे सरकणार आहे.

## टप्पा ३: पुट्टी आणि प्रायमर

पॉलिएस्टर पुट्टीत हार्डनर वजनाने साधारण २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला २ ग्रॅम. लवकर सुकावी म्हणून जास्त घालायची सवय असते, आणि तिचा हिशेब उशिरा मिळतो: हार्डनरमधलं जादा पेरॉक्साइड वरच्या रंगात चढतं आणि फिकट छटांवर पिवळट किंवा तपकिरी डाग उमटतात. कमी घातलं तर पुट्टी आत मऊ राहते, पेपरला चिकटते आणि पुढे खचते.

पुट्टी पाण्याने घासू नका. तिच्यातली टाल्क पावडर पाणी शोषून घेते. ते पाणी वरच्या थरांखाली अडकतं, आणि गाडी उन्हात तापली की फोड बनून वर येतं. खालच्या पत्र्याला गंज लागतो तो वेगळाच. कोरडंच घासा: ८० नंबरच्या पेपरने आकार, मग १२०, १८०, २४०. दोन नंबरांमध्ये शंभराहून जास्त उडी मारू नका, नाहीतर आधीच्या पेपरचे चर तसेच राहतात.

प्रायमर सरफेसर (बारीक चर भरणारा प्रायमर) दोन ते तीन कोट, प्रत्येकानंतर चमक पूर्ण मावळेपर्यंत थांबून. चर प्रायमर बुजवेल या आशेवर एकदम जाड कोट मारला तर तो वरून सुकतो, आतून ओला राहतो. त्या दिवशी पॅनेल सपाट दिसतं. काही आठवड्यांनी आतलं द्रावक निघून जातं, प्रायमर आकसतो आणि पुट्टीची गोल कड क्लिअरमधून वर दिसायला लागते.

## टप्पा ४: शेवटचा पेपर

प्रायमरवर काळ्या पावडरचा किंवा पातळ काळ्या रंगाचा गाइड कोट मारा आणि ब्लॉकवर पेपर लावून घासा. काळं जिथे राहील तिथे खोलगा आहे. बोटांनी धरून घासलं तर बोटांचेच चर पडतात आणि चमक आल्यावर ते लाटांसारखे दिसतात.

बेस कोटखाली (क्लिअरखालच्या रंगाच्या थराखाली) कोरडं घासत असाल तर ४०० ते ५००, पाण्याने घासत असाल तर ६०० ते ८००. ३२० वर थांबून मेटॅलिक (चमकणारे कण असलेला रंग) मारलं तर ओरखडे फुगून वर येतात. नव्या आणि जुन्या रंगाचं मिश्रण जिथे विरत न्यायचं आहे तिथे १००० ते १५००. हँडलची खोबण, दाराची आतली कड, बंपरचे कोपरे यांवर राखाडी स्कफ पॅड (घासायची जाळीदार गादी) फिरवा. पापुद्रे नेहमी याच जागांपासून सुटायला लागतात, कारण पेपर तिथे पोचलेलाच नसतो.

प्लास्टिकच्या उघड्या भागावर, विशेषतः पॉलिप्रॉपिलीनच्या बंपरवर, ॲडहिजन प्रमोटर (रंग धरायला मदत करणारा थर) लागतोच. नुसतं खरवडून रंग तिथे धरत नाही.

तपासा: दिवा बाजूने, पॅनेलला जवळजवळ समांतर धरून बघा. एकही चकचकीत ठिपका दिसता कामा नये. चकाकतंय म्हणजे तिथे पेपर लागलेला नाही.

## टप्पा ५: हवा, मास्किंग, धूळ

कंप्रेसरमधून निघणारी हवा गरम असते आणि गरम हवेत पाणी वाफेच्या रूपात असतं. पाणी वेगळं करणारा फिल्टर कंप्रेसरला चिकटून बसवला तर वाफ त्यातून सरळ निघून जाते, पुढे पाइपात थंड होते आणि गनच्या तोंडी पाणी होऊन येते. फिल्टर सात-आठ मीटर पाइपानंतर, हवा थंड झाल्यावर बसवा. टाकीचं पाणी रोज काढा. पिस्टनचा जुना कंप्रेसर तेलही फेकतो. गनची हवा स्वच्छ पांढऱ्या कागदावर मिनिटभर सोडून डाग पडतो का ते बघितलं की कळतं.

मास्किंगला वर्तमानपत्र वापरू नका. त्याची शाई द्रावकाने सुटते आणि त्याचे तंतू ओल्या रंगात जाऊन बसतात. टेपची कड दाबून घ्या. मग पुन्हा एकदा टप्पा २ मधली दोन फडक्यांची पद्धत, आणि अगदी शेवटी टॅक क्लॉथ (धूळ टिपणारं चिकट फडकं) हलक्या हाताने. दाबून फिरवला तर त्याचाच चिकटपणा पॅनेलवर उतरतो आणि त्यातून फिश आय येतात.

धुळीचा सगळ्यात मोठा साठा रंगवणाऱ्याच्या अंगावर असतो. घासताना घातलेल्या कपड्यांनीच गन हातात घेऊ नका.

## टप्पा ६: मिसळणं आणि थिनर निवडणं

प्रमाण डोळ्यांनी नाही, मापाच्या भांड्याने किंवा वजनाने घ्या. टू-के क्लिअर २:१ असो वा ४:१ (क्लिअर : हार्डनर), त्या उत्पादनाच्या तांत्रिक पत्रकात दिलेलंच प्रमाण खरं. हार्डनर जास्त घातल्याने क्लिअर जास्त कडक होतो ही समजूत चुकीची आहे. तो ठिसूळ होतो आणि चमक लवकर बसते. कमी घातला तर कायमचा मऊ राहतो.

थिनरच्या बाबतीत बाकी कशापेक्षाही जास्त डोकं लावावं लागतं. फास्ट, मीडियम, स्लो हे प्रकार रंग लवकर सुकवायला नसून तापमानाशी जुळवून घ्यायला आहेत.

- गरम हवेत फास्ट थिनर: थेंब पॅनेलवर पोचेपर्यंत अर्धा सुकतो. पृष्ठभाग खरखरीत होतो, संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. किंवा वर साय धरते, खालचं द्रावक अडकतं आणि बाहेर पडताना सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतं.
- दमट हवेत फास्ट थिनर: झपाट्याने उडणारं द्रावक पॅनेल थंड करतं, त्यावर हवेतल्या वाफेचं पाणी होऊन बसतं आणि रंग पांढुरका पडतो.
- थंड हवेत स्लो थिनर: रंग ओलाच राहतो, ओघळतो, मेटॅलिकचे कण पोहत एका जागी गोळा होतात आणि ढगाळ चट्टे दिसतात.

२० ते २५ अंश सेल्सिअस ही आरामाची मर्यादा. तापमान खोलीचं नाही, पत्र्याचं मोजा. उन्हातून आत आणलेलं बॉनेट खोलीपेक्षा कितीतरी गरम असतं. पत्रा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्यापेक्षा) निदान ३ अंश गरम हवा.

सावधान: टू-के हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांनी एकदा श्वसनाची ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही दम्याचा झटका येऊ शकतो. वास येत नाही म्हणजे हवा सुरक्षित आहे असं नाही; धोक्याच्या पातळीलाही नाकाला काही कळत नाही. स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क, हातमोजे आणि पूर्ण अंग झाकणारा सूट लागतो. रुमाल किंवा धुळीचा मास्क इथे काही कामाचा नाही.

## टप्पा ७: गन जुळवा, तीही पॅनेलवर नाही

बेस आणि क्लिअरसाठी १.३ ते १.४ मिलिमीटर नोझल, सरफेसरसाठी १.६ ते १.८. एचव्हीएलपी (कमी दाबाने जास्त हवा सोडणाऱ्या) गनमध्ये एअर कॅपपाशी (हवा सोडणाऱ्या पुढच्या टोपीपाशी) दाब ०.७ बारपर्यंतच असतो. त्यासाठी गनमध्ये हवा आत शिरते तिथे किती द्यायचा हे प्रत्येक गनवर वेगळं, बऱ्याचदा २ बारच्या आसपास. दाब ट्रिगर ओढून, हवा वाहत असताना वाचा. ट्रिगर सोडल्यावर दिसणारा आकडा फसवा असतो.

भिंतीवर मास्किंगचा कागद लावा. गन १५ ते २० सेंटिमीटरवर धरून क्षणभर ट्रिगर ओढा. लांबट, दोन्ही टोकांना सारखा निमुळता ठसा हवा. मध्ये जाड असेल तर हवा कमी किंवा माल (रंग) जास्त. दोन टोकांना जाड आणि मध्ये विरळ असेल तर हवा जास्त. ठसा एका बाजूला झुकला तर कॅप अर्धी फिरवून पुन्हा मारा. झुकाव कॅपबरोबर फिरला तर कॅपची भोकं तुंबली आहेत. फिरला नाही तर बिघाड नोझल किंवा सुईत आहे.

## टप्पा ८: बेस कोट

मनगटातून हात फिरवला की गन कमानीत फिरते: मध्ये जवळ, टोकांना लांब. मध्ये ओला पट्टा, कडेला कोरडा धुरळा. खांद्यापासून हात सरकवा, गन पॅनेलला काटकोनात ठेवा. पॅनेलच्या आधी सुरू करा, पॅनेल संपल्यावर ट्रिगर सोडा. कडेला ट्रिगर दाबूनच दिशा बदलणं हे ओघळाचं सगळ्यात साधं कारण.

साध्या रंगाला प्रत्येक हात (गनची एक फेरी) आधीच्या हातावर अर्धा चढवा. मेटॅलिकला तीन चतुर्थांश. मेटॅलिकचे पट्टे उठतात ते बहुतेक या चढवण्यात ढिलाई झाल्याने, किंवा एका जागी जास्त ओलं मारल्याने. मध्यम ओले दोन कोट झाले की शेवटी गन थोडी लांब नेऊन, दाब थोडा उतरवून एक हलका कोट फिरवा. कण एकसारखे बसतात. हा कोट ओल्या बेसवर मारायचा की चमक मावळल्यावर, हे रंगाच्या पत्रकात बघा. प्रत्येक रंगाचं यात वेगळं असतं.

बेसमध्ये धूळ पडली तर ती बेसमध्येच काढा. सुकू द्या, बारीक पेपरने हलकेच टिपा, तेवढ्या भागावर पुन्हा बेस मारा. क्लिअरखाली गेलेला कण पॉलिशने निघत नाही.

तपासा: क्लिअरच्या आधी सगळा बेस एकसारखा मॅट दिसला पाहिजे. कुठे ओली चमक असेल तर थांबा. त्या चमकेत अडकलेलं द्रावक क्लिअरमधून पिनहोल होऊन निघेल.

## टप्पा ९: क्लिअर आणि थांबणं

पहिला कोट मध्यम, सलग. दुसरा पूर्ण ओला. दोन्ही मिळून वाळल्यावर साधारण ५० ते ६० मायक्रॉन. मध्ये पत्रकातला वेळ, बहुधा १० ते १५ मिनिटं. घड्याळापेक्षा मास्किंग टेपवर पडलेल्या क्लिअरला बोट लावून बघणं जास्त खात्रीचं: तार निघाली तर थांबा, बोटाचा ठसा उठला पण बोट कोरडं राहिलं तर पुढचा कोट.

घाई होते ती इथेच. थांबायच्या वेळात गनची हवा पॅनेलवर मारून "सुकवणं" हा प्रकार तर पूर्ण बंद करा. वर साय धरते, खालचं अडकतं, आणि पिनहोलचं खापर क्लिअरवर फुटतं. तापवून सुकवायचं असेल तर आधी दहाएक मिनिटं तसंच राहू द्या, मग तापमान हळूहळू चढवा.

संत्र्याची साल दिसली म्हणून ओल्यावर तिसरा जाड कोट चढवू नका; सालीऐवजी ओघळ मिळेल. साल पॉलिशने काढता येते, ओघळाला त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो.

## टप्पा १०: तरीही दोष दिसला तर

फिश आय, ओल्या बेसमध्ये: लगेच थांबा. ओलं पुसत बसू नका. सुकू द्या, त्यावर बेसचे अगदी हलके, कोरडसर एक-दोन हात मारा आणि खड्डे झाकले गेले का बघा. नाही झाकले तर घासून टप्पा २ पासून. फिश आय घालवणारी थेंबांची बाटली मिळते, पण तिच्यात बहुधा सिलिकॉनच असतं. एका पॅनेलवर उपाय होतो आणि खोलीतल्या पुढच्या सगळ्या गाड्या धोक्यात येतात.

ओघळ, क्लिअरमध्ये: पूर्ण कडक होऊ द्या. अर्धवट सुकलेला ओघळ घासला तर तो फाटून खड्डा पडतो. आधी ओघळाचा फक्त उंचवटा कडक ब्लॉकवर उतरवा, आजूबाजूला टेप लावून. मग १५००, २०००, ३००० आणि कंपाउंड (पॉलिशची पेस्ट).

धुळीचे कण, साल: वरच्यासारखंच, १५०० पासून. कडा आणि बॉडीच्या उठावदार रेषांवर मशीन नेऊ नका. क्लिअर तिथे सगळ्यात पातळ असतो. घासताना पाणी पांढरट असेल तर क्लिअर निघतोय. पाण्यात रंग दिसला तर बेसला पोचलात, आता फक्त पुन्हा रंगवणं उरलं.

पिनहोल: भिंगातून बघा. खड्ड्याचा तळ गुळगुळीत आणि पसरट असेल तर तो फिश आय. सरळ खाली जाणारं भोक असेल तर पिनहोल. पॉलिशने भोकाचं तोंड उघडतं आणि त्यात पांढरं कंपाउंड जाऊन बसतं, म्हणून पॉलिश नको. पूर्ण वाळू द्या, भोकं नाहीशी होईपर्यंत खाली घासा, पुन्हा मारा.

पांढुरकेपणा: लॅकरवर किंवा बेसवर असेल आणि लगेच लक्षात आला तर उष्णता देऊन किंवा स्लो थिनरचा हलका हात मारून बऱ्याचदा निघतो. टू-के क्लिअरमध्ये आतपर्यंत ओलावा शिरला असेल तर कडक झाल्यावर पॉलिश करून बघा. वरवरचा असेल तर जाईल.

चमक बसणं: दोनेक आठवड्यांत धूसर झालं तर खाली द्रावक अडकलं होतं. ते निघून जाईपर्यंत पॉलिश करू नका, नाहीतर पुन्हा बसेल. हवेवर सुकवलेल्या रंगावर वॅक्स निदान ३० दिवस लावू नका, नाहीतर द्रावकाची बाहेर पडायची वाट बंद होते.

फोड, पापुद्रे, सुरकुत्या: यांना वरून उपाय नाही. दोष ज्या थरात आहे तिथपर्यंत काढा. पापुद्र्याच्या मागची बाजू उलटून बघा: ती चकचकीत असेल तर खालच्या थराला पेपर लागला नव्हता, आणि तिच्यावर पिठूळ भुकटी असेल तर घासल्यानंतर पुसलं गेलं नव्हतं.